तुमच्या शेताचं काय होणार, आत वाचा

सरळ बोलायचंच नाय अशी आण घेऊन जन्माला आलेली माणसं दुनियेत बरीच असतील, पण त्या सगळ्यांचा मुकादम माझ्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहून गेला. मी वाळूजला प्रेस मशीनवर उभं आयुष्य काढलं. सातवीच्या पुढं शाळा बघितली नाय. पत्रा दाबायच्या मशीनपाशी एकच भाषा चालते. 'हात काढ!' म्हणजे हात काढ. तिथं कुणी 'तुमच्या हाताबद्दल एक धक्कादायक गोष्ट समोर आली आहे' असं म्हणत बसला असता तर आमच्या निम्म्या शिफ्टला बोटं राहिली नसती. आणि असल्या माणसाच्या, म्हणजे माझ्या, डोक्यावर हा येऊन राहिला. जिन्यात भेटला आणि 'कुठं निघालास' विचारलं तर म्हणणार, "काका, मी आता जिथं चाललोय ते ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही." निघालेला कुठं, तर कटिंगला.

शिकलेला होता. इंजिनिअरिंग केलेलं. वाळूजलाच एका कंपनीत लागला होता, पण तिथं सकाळच्या बसला उठायचं जमेना म्हणून सोडली. खोली बघायला आला तेव्हा मी विचारलं, करतोस काय? म्हणला, "गेमच्या बातम्या लिहितो." मी म्हणलं, क्रिकेटच्या का कुस्तीच्या? तर म्हणे मोबाईलमधले, कॉम्प्युटरमधले खेळ असतात त्यांच्या. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. खेळ खेळतात हे ठाऊक होतं, त्याची बातमी होते, ती लिहायला माणूस ठेवतात, त्याचं हापिस पुण्याला असतं आणि त्याचा पगार खोलीचं भाडं निघण्याइतका असतो, हे मला नवं होतं. पण बातमी लिहिणं ही त्याची खरी विद्या नव्हतीच. त्याची विद्या मथळ्याची. बातमी दोन ओळींची असायची आणि मथळा असा की वाचणाऱ्याला वाटावं घरात आग लागली. 'या खेळाडूनं दार उघडलं आणि पुढं जे दिसलं...' आत वाचलं तर दाराच्या मागं दुसरं दार. 'खेळ सुरू करण्याआधी ही एक चूक कराल तर पस्तावाल.' आत काय, तर मोबाईल चार्ज करून घ्या. एकदा लिहिलं, 'सगळ्यांच्या आवडत्या खेळाचा नवा भाग येतोय? कंपनीनं दिला मोठा इशारा.' मी खोदून विचारलं इशारा कसला, तर त्या कंपनीच्या कुण्या साहेबानं चहाच्या कपाचा फोटो टाकला होता आणि मागं भिंतीवर कॅलेंडर लटकत होतं. "कॅलेंडर म्हणजे तारीख ठरली असणार ना काका!" मी म्हणलं, माझ्या पण भिंतीवर कॅलेंडर आहे, मग माझा कोणता नवा भाग येतोय?

मला असल्या गोष्टीचा संताप येतो. तो तसाच येतो, त्याला मी काय करू. मी त्याला खाली बसवून एकदा धारेवर धरलं. म्हणलं, जे आहे ते वरच का लिहीत नाय? तर मलाच समजावायला लागला, "काका, वरच सांगून टाकलं तर आत कोण येईल?" मी म्हणलं, आत काय ठेवलंय? म्हणला, "जाहिराती." आणि बातमी? "असते ना. खाली. शेवटी." म्हणजे माणसाला हाटेलात बोलवायचं, सगळ्या टेबलांवरनं फिरवायचं, आणि गल्ल्यापाशी आणून सांगायचं की भजी संपली. हे मी रागानं बोललो. तो मात्र खूश झाला. "काका, हे भज्याचं मी वापरू का कुठं?" असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

बरं, हे हापिसापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण जिभेला ती सवयच लागली होती. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातनं एकदा येतं, ते पण आलं तर. त्या दिवशी अख्खी गल्ली पिंपं, बादल्या, पातेली मांडून बसलेली असते. अशा दिवशी हा वरच्या कठड्यावरनं वाकून मला म्हणतो, "काका, तुमच्या टाकीबद्दल मोठी अपडेट आहे." मी म्हणलं, बोल. "गेल्या दहा मिनिटांत वर जे घडलंय ते बघून शेजारचे पण थक्क झालेत." मी म्हणलं, अरे बोल की भाड्या! तोवर जिन्यावरनं पाणी खळखळ माझ्या पायापाशी आलं. टाकी भरून वाहत होती! आठवड्याचं पाणी गटारात चाललंय आणि हा मथळा जुळवत उभा. मी मोटर बंद करायला धावलो, पाय घसरला, पडता पडता वाचलो, आणि वरनं हा, "काका, थोडक्यात बचावलात!"

लग्नासाठी पोरगी बघायला गेला तेव्हा त्याच्या आईबापाला गावाकडनं यायला उशीर झाला म्हणून मला आणि माझ्या बायकोला घेऊन गेला. क्रांती चौकाच्या मागच्या अंगाला त्या लोकांचं घर. पोरीच्या बापानं साधं विचारलं, पगार किती? तर हा पुढं सरकून म्हणतो, "माझ्या पगाराबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसलेल्या काही गोष्टी आहेत." तो बाप पोह्याचा चमचा तसाच धरून बसला. त्याला वाटलं गडी कर्जात आहे, नायतर आधीचं एक लग्न आहे. मी मांडीवर हात आपटून पगार सांगून टाकला. बाप म्हणला, "अहो मग एवढंच होतं तर..." आणि पडद्यामागनं पोरगी खो खो हसली. त्या हसण्यावरच जमलं ते. बायको रिक्षात मला म्हणाली, "तुम्ही नसता तर लेकरू तसंच राहिलं असतं." लेकरू म्हणजे हा. तिशी ओलांडलेलं, दाढी वाढलेलं लेकरू.

ती त्याला लेकरूच म्हणायची. आम्हाला पोरबाळ नाय. तो तिला काकू म्हणायचा आणि तिच्या हातची भाकरी खायला रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून खाली यायचा. पुढं तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातनं दोनदा मशीनवर पडून राहायची वेळ आली, तेव्हा याचा खरा उपयोग कळला. मी दवाखान्यात बसलो की मला भिंती खायला उठायच्या. हा लॅपटॉप मांडीवर घेऊन तिच्या खाटेशी बसायचा, एका हातानं मथळे पाडायचा आणि दुसऱ्या हातानं तिला मोबाईल शिकवायचा. त्यात त्यानं तिला एक शेतीचा खेळ काढून दिला. चौकोनी जमीन, बोटानं पेरायचं, बोटानंच पाणी घालायचं, पीक आलं की काढायचं. मी हसलो होतो. पण ती कन्नडकडची, रानात वाढलेली. बापाचं रान भावांनी वाटून घेतलं आणि ही लग्न होऊन माझ्या दोन खोल्यांत आली. साधं वांग्याचं रोप लावायला तिला कधी जागा मिळाली नाय. तिनं त्या मोबाईलमधल्या शेतात ओळीनं वांगी लावली, बांधावर झेंडू लावला, गाईचं नाव हरणी ठेवलं, आणि एक कोपरा रिकामा सोडला. मी म्हणलं, तिथं का नाय पेरलं? म्हणली, "बसायला नको का कुठं?"

त्याच खेळात याचं पण एक शेत, तिच्या शेताला लागूनच. मग काय, सुया टोचलेल्या हातानं ती याला फैलावर घ्यायची. "लेकरा, तुझ्या रानात गवत किती माजलंय. माझ्या वांग्यात येतंय ते." आणि हा दवाखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा, "शेजारच्या शेतकरीणबाईंचा गंभीर आरोप! तरुण शेतकऱ्याचं उत्तर काय?" ती हसायची. त्या खाटेवर, त्या मशीनला बांधलेली असताना ती हसायची. म्हणून सांगतो, त्या काळात त्याच्या त्या वाकड्या बोलण्याला मी काही बोललो नाय.

पण डाक्टर लोक पण तसंच बोलायला लागले. बघू या. रिपोर्ट येऊ द्या. सध्या सांगता येणार नाही. काळजी करू नका. मी एकेकाला धरून विचारायचो, साहेब, वाचंल का नाय एवढं सांगा. कुणी सरळ सांगितलं नाय. सरळ सांगितलं असतं तर मी तिला एकदा कन्नडला नेऊन आणलं असतं. रिपोर्ट येत राहिले आणि ती गेली.

तिचा मोबाईल मी बंद केला नाय. तो उशापाशी असतो, माझा वेगळा. खेळाचं असं आहे की पाणी नाय घातलं तर पीक माना टाकतं. ती गेली त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी सहज उघडलं तर तिची वांगी सुकायला आलेली. घरात माणसं बसलेली होती. मी मागल्या खोलीत जाऊन पाणी घातलं. तेव्हापासनं रोज घालतो. पेरत नाय, काढत नाय, तिनं ठेवलं तसं ठेवलंय. बाजूचं याचं शेत मात्र गवतानं भरून गेलं होतं, ते बघून मी मनात शिव्या घालायचो. माझ्या या उद्योगाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, यालाही नाय. सांगण्यासारखं त्यात काय आहे? म्हातारा माणूस मोबाईलमधल्या वांग्याला पाणी घालतो म्हणून लोक हसले असते.

एका सकाळी तिच्या मोबाईलवर वरनं एक पट्टी घसरत आली. मी चष्मा लावून वाचली. 'लाडक्या शेतीच्या खेळाला कायमचं टाळं? लाखो खेळाडूंच्या डोळ्यांत पाणी! तुमच्या शेताचं काय होणार, आत वाचा.' खेळाचं नाव तेच, बाजूला चित्र पण तेच. आत जाऊन वाचायचं मला सुधरलं नाय. मी चपला घातल्या, रिक्षा केली आणि शहागंज गाठलं. तिथं मोबाईल दुरुस्त करणारा एक पोऱ्या आहे, तिच्या फोनला बॅटरी त्यानंच घातलेली. दुकानाचं शटर अजून अर्धंच उघडलेलं. "क्या हुआ चाचा, सुबे सुबे?" मी म्हणलं, यातलं शेत काढ आणि दुसऱ्या फोनात घाल. टाळं लागायच्या आत घाल. काय पैसे होतील ते घे.

त्यानं माझ्याकडं बघितलं, आतनं स्टूल आणून दिलं, पाणी दिलं. म्हणला, "चाचा, खेत फोन में नइं रहता. कंपनी के पास रहता." कंपनी कुठं आहे? "क्या मालूम. बाहर के मुलुक में किधर तो बी." मी स्टुलावर बसून राहिलो. म्हणजे बापाकडनं नाय मिळालं, माझ्याकडनं नाय मिळालं, आणि शेवटी जे एक रान तिनं स्वतःच्या बोटानं केलं, त्याचा सातबारा पण दुसऱ्याच्याच नावावर. मी काहीतरी पुटपुटत असणार, कारण तो म्हणला, "पर आप खबर पूरी पढ़े क्या?" त्यानं फोन घेतला आणि बोटानं वर ढकलायला लागला. गुडघेदुखीचं तेल गेलं, कुठल्याशा प्लॉटची जाहिरात गेली, दात दाखवणारी एक बाई गेली, परत तेच तेल आलं. अगदी तळाशी त्याला ती एक ओळ सापडली. तो हसला. "कुछ नइं है चाचा. भोत पुराने फोनां पे नइं चलने का बोल रहे. आपका तो चलता. खेत सलामत है." मग त्यानं लिहिणाऱ्याचं नाव वाचून दाखवलं. ते नाव माझ्याच घरात वरच्या दारावर खडूनं लिहिलेलं असतं.

शहागंजातनं घरी येईपर्यंत मी त्या रिक्षात काय काय बोललो ते रिक्षावाल्यालाच ठाऊक. जिना चढताना माझे गुडघे नेहमी बोलतात, त्या दिवशी ते पण गप्प होते. हा कॉम्प्युटरपुढं चहात खारी बुडवत बसलेला. मला बघून म्हणला, "काका, तुमचा चेहरा बघून असं वाटतंय की आज काहीतरी मोठं..."

"गप! तुझ्या मथळ्यापायी माझी बायको आज सकाळी परत मेली."

खारी चहात पडली. मी तिचा मोबाईल त्याच्या तोंडापुढं धरला. म्हणलं, हे बघ. ही वांगी बघ. रोज पाणी घालतो मी. तू लिहितोस टाळं लागणार, शेताचं काय होणार आत वाचा. आत काय आहे? तेल आहे! लाज नाय वाटत? दवाखान्यात ते लोक करायचे तेच तू करतोस. माणसाचा जीव टांगायचा आणि खालनं जाहिराती फिरवायच्या!

तो फोनकडं बघत राहिला. मग एकदम बारीक आवाजात म्हणला, "काका, काकूंचं शेत अजून आहे?" मी म्हणलं, तुला काय वाटलं? म्हणला, "मला वाटलं सुकलं असेल. त्या गेल्यावर मला तो गेम उघडवलाच नाही." आणि मग, "लाखो खेळाडूंमध्ये तुम्ही असाल असं डोक्यात आलं नव्हतं."

"लाखांत कोणीतरी असतंच की रे! आकडा कुठं रडतो? माणूसच रडतो."

त्यानं नाक पुसलं, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर मथळा बदलला. 'जुन्या फोनवर शेतीचा खेळ चालणार नाही. बाकी सगळं आहे तसंच.' मी म्हणलं, हे लिहायला हात दुखतात का तुझे? तेवढ्यात पुण्याच्या साहेबाचा फोन. याच्या हाताला खारी लागलेली म्हणून स्पीकरवर घेतला. साहेब ओरडत होता, "हे काय करून ठेवलंय? सगळं वरच सांगितलं! आता आत कोण मरायला येईल?" मी फोन ओढून घेतला. म्हणलं, मी सकाळी आत येऊन मेलोय साहेब. "कोण बोलतंय?" म्हणलं, तुमच्या लाखो खेळाडूंपैकी एक. साहेबानं फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत पुण्याहून मथळा परत होता तसा झाला, टाळं, डोळ्यांत पाणी, सगळं. सरळ मथळ्याला म्हणे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. त्याचा पण मला राग आला. लिहिणारे तसले आणि वाचणारे पण तसलेच.

रात्रीची भाकरी मी करत होतो तेव्हा हा खाली आला. म्हणला, "काका, तुम्ही या गेमची कुठलीच बातमी वाचू नका. कुणाचीच. खरंच काही झालं तर मी सांगीन. सरळ सांगीन." आणि त्यानं स्वतःच्या शेतातलं गवत काढलेलं मला दाखवलं. दिवसभर तेच करत बसला होता वाटतं.

त्यानंतर तिच्या दुखण्यापायी लांबलेलं याचं लग्न झालं, पुण्यालाच दुसऱ्या एका गेमच्या बातमीवाल्यांकडं नोकरी लागली आणि खोली रिकामी झाली. सामान भरताना मला म्हणला, "काका, ही खोली सोडताना मला काय वाटलं ते वाचून..." आणि मथळा अर्धाच टाकून पेटी उचलून जिना उतरला. दर रविवारी फोन करतो. गाडी कशी थोडक्यात वाचली, कुकर कसा उडाला, सगळे मथळे ऐकवतो. मी शिव्या घालतो. पण खेळाचं विचारलं की तिथं मथळा नाय. "चालू आहे काका." एवढंच.

परवा बुधवारी भर दुपारी मी बाजेवर बसून तिचा मोबाईल हातात घेऊन पाणी घालत होतो. बाजूला माझा फोन वाजला. याचं नाव. हा कामाच्या दिवशी दुपारी फोन करणारा माणूस नाय. मी हातातली ओळ संपवली. फोन वाजून बंद झाला, परत वाजला. मग घेतला.

"काका," म्हणला, आणि थांबला. धक्का नाय, अपडेट नाय, काहीच नाय. नुसतं काका. खेळाचं काही झालं तर सरळ सांगीन म्हणला होता तो.

मी म्हणलं, "जेवलास का रे?"

मग म्हणला, "हो. जेवलो काका."

"काय होतं?"

"मेथी. आणि पोळ्या. पोळ्या जरा जाड झाल्या होत्या, तिला घाई होती आज."

"सूनबाई बरी आहे ना? तिकडं थंडी पडली का?"

"पडलीय काका. सकाळी फार असते. तिनं मला स्वेटर घेतलाय. थोडा सैल होतोय."

"कोणत्या रंगाचा?" मी विचारलं. आणि त्यानं, बाबा, अजिबात घाई केली नाय. निळा आहे म्हणला, पण गडद निळा नाही, आणि बाह्या कशा आहेत, गळा कसा आहे, दुकान कुठं होतं, तिथवर कोणत्या रस्त्यानं गेले, सगळं सावकाश सांगत राहिला. मी व्हय व्हय करत एका हातानं दुसऱ्या ओळीला पाणी घालत राहिलो.